शाळेत न बोलणारे मूल आणि समुपदेशनाच्या अनेक पद्धतींची सांगड : सीमाभागातील शिक्षक-पालकांसाठी चर्चा

मलप्रभाकाठ

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील इंग्रजी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि मुलांशी बोलण्याचे, त्यांच्या अडचणी समजून घेण्याचे कामही शाळेने माझ्याकडे सोपवले आहे. मुलांच्या समुपदेशनात अलीकडे समन्वयात्मक पद्धतीचा, म्हणजे एकाच विचारसरणीला चिकटून न राहता अनेक पद्धतींची सांगड घालण्याचा, पुष्कळ उल्लेख होतो. तो प्रत्यक्षात कसा आणायचा, यावर येथील जाणत्यांचे मत मला हवे आहे. एका मुलीचे उदाहरण देते. ती ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी दुसरीत आहे. घरी ती अखंड बोलते, धाकट्या भावाला दटावते, आजीला गोष्टी सांगते. शाळेच्या फाटकातून आत आली की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि गेले संपूर्ण वर्ष हे असेच चालले आहे. हजेरीला ती हात वर करते, लिखाण नीटनेटके करते, मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या शेजारी बसून डबा खाते, पण बोलत नाही. सकाळी निघताना "पोटात दुखुलंय" ही तक्रार ठरलेली असते. घरची भाषा आपली बेळगावी मराठी, अंगणवाडी गावातली, बाजारात आणि बसमध्ये कानडी, आणि शाळेत एकदम इंग्रजी.

तिच्याशी प्रत्येक जण आपल्या समजुतीप्रमाणे वागतो, ही माझी खरी काळजी आहे. वडिलांना हा हट्ट वाटतो. आजीने देवऋष्याकडून अंगारा आणला. आमच्यातील एक बाई तिला बोलण्यासाठी चॉकलेट दाखवतात, तर दुसरे सर तिने उत्तर द्यावे म्हणून तिला बाकाजवळ उभे करून ठेवतात. मी स्वतः तिला चित्रे काढायला देते. या सगळ्याला कोणी अनेक पद्धतींची सांगड म्हणेल, पण मला ती ओढाताण वाटते. कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर आणि का, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते.

मार्कंडेयतीर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्नच या विषयाचा गाभा आहे. मी बेळगावात मुलांचे समुपदेशन करते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

पद्धती एकत्र आणण्याचे किमान दोन वेगळे मार्ग आहेत. मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड लाझारस यांनी 1967 साली असे मांडले की उपचारकाने तंत्रे कोठूनही घ्यावीत, त्यामागचे सिद्धांत स्वीकारण्याचे बंधन त्याच्यावर नाही. दुसऱ्या मार्गात तंत्रांचा क्रम ठरलेला असतो आणि त्या क्रमाला कारण असते. मुलांसाठी हा दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण मूल आपल्याकडे स्वतःहून आलेले नसते, त्याला आणलेले असते, आणि त्याचा विश्वास बसण्याआधी वापरलेले चांगले तंत्रही त्याला जबरदस्तीच वाटते.

ऑस्ट्रेलियातील कॅथरिन आणि डेव्हिड गेल्डार्ड या दांपत्याने असा एक क्रम मांडला आहे. त्याचे पाच टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात मूल समुपदेशकाशी जोडले जाते आणि आपली हकीगत आपल्या चालीने सांगते, तेव्हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्री पद्धत, म्हणजे सल्ला न देता समोरच्याला समजून घेत ऐकण्याची पद्धत, उपयोगी पडते. दुसऱ्या टप्प्यात दबलेल्या भावना जाणिवेत याव्यात म्हणून गेस्टाल्ट पद्धतीचा, म्हणजे या क्षणी काय वाटते आहे याकडे लक्ष वेधणाऱ्या पद्धतीचा, आधार घेतात. तिसऱ्यात मुलाचे स्वतःबद्दलचे चित्र बदलावे म्हणून कथनाधारित पद्धत, म्हणजे स्वतःची गोष्ट नव्याने मांडण्याची पद्धत, येते. चौथ्यात घातक समजुती तपासण्यासाठी विचार आणि वर्तन यांची सांगड घालणारी पद्धत, आणि पाचव्यात नवे वागणे करून पाहण्यासाठी वर्तनोपचार. मूल मधेच अडखळले तर मागच्या टप्प्यावर परत जाता येते.

आता तुमच्या शाळेत काय होते आहे ते पाहा. चॉकलेट हे पाचव्या टप्प्याचे साधन आहे आणि ते पहिल्याच दिवशी हातात घेतले गेले. बक्षीस वाईट नसते, पण ज्या मुलीचा घसा भीतीने आवळला आहे तिला बक्षीस दाखवले की ते न मिळाल्याची नामुष्की भीतीत मिसळते. उभे करून ठेवण्याविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे: तो कोणत्याही पद्धतीचा भाग नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. त्या सरांशी शांतपणे, पण लवकर बोला.

चित्रे काढायला देता, ते योग्य आहे. फक्त चित्र काढून झाल्यावर "हे काय आहे? हे असं का काढलंस?" असे प्रश्न विचारू नका. रॉजर्स यांच्या कामाची सुरुवातच मुलांपासून झाली होती. 1928 ते 1940 या काळात ते न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करत होते. त्यांचा विचार खेळाच्या खोलीत नेला तो व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी. 1947 मध्ये त्यांनी आठ तत्त्वे मांडली, आणि त्यांपैकी तीन मी रोज स्वतःला आठवण करून देते. मूल जसे आहे तसे स्वीकारायचे, वाट मूल दाखवेल आणि आपण मागून जायचे, आणि घाई करायची नाही. मर्यादा घालायच्या त्या सुरक्षिततेपुरत्या.

माझ्या खोलीत शाडूची माती ठेवलेली असते. कर्नाटकी बेंदराच्या सुमारास बहुतेक मुले आपोआप बैल करतात. एका मुलाने बैल केला, त्याला शिंगे लावली, पाय नीट टेकतात की नाही ते पाहिले, आणि मग मातीची एक पट्टी वळून त्याच्या तोंडाला मुसके बांधले. मी एवढेच म्हटले, "याचं तोंड बांधलंय." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग नखाने मुसके थोडे सैल केले आणि म्हणाला, "घरी गेल्यावर सोडतात." मी प्रश्न विचारला असता तर हे वाक्य मला कधीच मिळाले नसते, आणि ते मिळाल्यावर पुढचे बरेचसे काम त्या बैलाच्या आधाराने करता आले.

वेदगंगा

मी निपाणी भागातील पालक आहे. तज्ज्ञ नाही, पण क्रमाचे म्हणणे मला मनापासून पटले म्हणून लिहितो.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात वेदगंगा आणि दूधगंगेचे पाणी आमच्या शिवारात आणि मग घरात शिरले. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. पाणी ओसरल्यानंतर पुढचा पावसाळा आला तरी आभाळ भरले की तो पलंगावरून खाली पाय टेकवत नसे. एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आले की त्याला रोज पावसात उभे करा, भीती मोडेल. आम्ही ते केले नाही.

नंतर कोल्हापुरात ज्या बाईंकडे नेले त्यांनी आधी कितीतरी भेटींत त्याला नुसते खेळू दिले. तो वाळूत घरे बांधायचा, पाणी ओतायचा, घरे मोडायचा आणि पुन्हा बांधायचा. मला ते वाया जाणारे पैसे वाटत होते. हळूहळू त्याच्या खेळात होडी आली, मग होडीतून गुरे वाचवणारा माणूस आला. त्यानंतर बाईंनी पावसाची भीती लहान पायऱ्यांनी कमी करण्याचे काम सुरू केले: आधी खिडकीतून पाहणे, मग ओसरीत बसणे, मग छत्री घेऊन अंगणात चार पावले. प्रत्येक पायरी त्याने स्वतः निवडलेली होती. पायऱ्या त्याच होत्या ज्या आम्हाला पहिल्या ठिकाणी एकदम चढायला सांगितल्या होत्या, पण आता त्याची तयारी झालेली होती.

त्या बाईंनी माझ्या आईलाही दोनदा बोलावले. आई त्याला सतत पुराच्या आठवणी सांगत असे. तिचाही तो ताणच होता, आणि तिला कोणी विचारलेच नव्हते.

कृष्णाकाठ

मी चिकोडी तालुक्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. समुपदेशनाच्या पद्धतींवर मार्कंडेयतीर ताईंनी उत्तम लिहिले आहे. मी वैद्यकीय बाजू मांडतो, कारण समन्वयात ती बहुतेक वेळा शेवटी येते आणि ती पहिल्याच आठवड्यात यायला हवी.

घरी मोकळे बोलणारे मूल शाळेसारख्या ठरावीक ठिकाणी सातत्याने बोलत नसेल, तर निवडक मूकता या स्थितीचा विचार करावा लागतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेने ती चिंताविकारांच्या गटात ठेवली आहे, म्हणजे तिच्या मुळाशी हट्ट नसून भीती असते असे आजचे वैद्यक मानते. ही गोष्ट वडिलांना कोणीतरी डॉक्टरने समोर बसवून सांगणे फार उपयोगी पडते.

आपल्या भागासाठी निदानाच्या दोन अटी कळीच्या आहेत. न बोलणे किमान एक महिना टिकलेले असावे आणि त्यात शाळेचा पहिलाच महिना धरू नये. तसेच त्या ठिकाणी लागणारी भाषा येत नाही किंवा तिची सवय नाही, एवढ्या कारणाने मूल गप्प असेल तर हे निदान करू नये. नवी भाषा कानावर पडू लागली की अनेक मुले काही काळ नुसती ऐकतात, आणि ते स्वाभाविक आहे. मराठी घरातून कानडी किंवा इंग्रजी शाळेत गेलेल्या प्रत्येक गप्प मुलाला आजारी ठरवणे हा अन्याय होईल. मात्र या मुलीबाबत एक साधी चाचणी करता येते. शाळेच्या आवारात, मराठी बोलणाऱ्या मैत्रिणीशी, मराठीतूनही ती बोलत नाही का? तसे असेल, आणि वर्षभर असेल, तर प्रश्न केवळ भाषेचा राहिलेला नाही.

त्याचबरोबर श्रवणशक्तीची तपासणी करून घ्यावी आणि वाचेचा विकास वयाप्रमाणे आहे का ते पाहावे. घरी मोबाइलवर तिच्या बोलण्याचे थोडे ध्वनिमुद्रण करून आणले तर वाचेचे मोजमाप सोपे होते, फक्त ते वर्गात कोणालाही ऐकवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांना भेट देतात, त्यांच्याकडेही नोंद करता येते. पोटदुखी खरी असते, चिंतेने पोट दुखतेच, पण एकदा तपासून घेतले की घरचेही निश्चिंत होतात. मोठ्या मुलांत, किंवा समुपदेशनाने पुरेसा फरक पडत नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञ औषधाचा विचार करतात. त्यासाठी आपल्याला धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. प्रत्यक्ष जाणे अवघड असेल तर ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे आणि तेथे आपली भाषा निवडता येते.

घटप्रभाखोरे

मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे. हुक्केरी आणि संकेश्वर परिसरातील कानडी आणि मराठी दोन्ही शाळांत माझी नोकरी झाली. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणी अनादर समजू नये.

रॉचेस्टर आणि ऑस्ट्रेलियातील पद्धती एका मुलासाठी एक खोली, एक तास आणि एक प्रशिक्षित माणूस गृहीत धरतात. आमच्या खेड्यातील शाळेत एका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग असतात. शिवाय आपली मुले एकटी नसतात. घरात आजी असते, गल्ली असते, भजनी मंडळ असते, आणि या माणसांच्या आधारानेही मुले सावरतात. आजीने अंगारा लावला तर तिच्या परीने तिने मायाच केली. तिला अडाणी ठरवून समुपदेशक घरात शिरला तर ते घर त्याला दार उघडणार नाही. दुसरे असे की गप्प असणारी किती तरी मुले माझ्या डोळ्यांसमोर तिसरी-चौथीपर्यंत आपोआप बोलू लागली. इतका मोठा घाट घालण्याची खरोखर गरज आहे का?

मार्कंडेयतीर

गुरुजी, आजीबद्दल तुम्ही लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. अंगाऱ्यावरून मी कोणत्याही घराशी वाद घालत नाही. आजी रोज संध्याकाळी नातीला जवळ घेऊन कपाळाला अंगारा लावत असेल तर त्या क्षणी मुलीला सुरक्षित वाटते, आणि ते मोलाचे आहे. मी अडवते ते दोनच ठिकाणी: उपायात मुलाला मारणे, डागणे, उपाशी ठेवणे असे काही असेल तेव्हा, आणि त्यापायी डॉक्टरकडे जाणे लांबत असेल तेव्हा. कुटुंबाला बरोबर घेतल्याशिवाय मुलाचे समुपदेशन अपुरे राहते, हे साल्व्हादोर मिनुचिन यांच्यासारख्या कुटुंबोपचारकांनीही मांडले आहे. म्हणून आजी माझ्या योजनेत पहिल्या दिवसापासून असते.

आपोआप बोलू लागण्याबद्दल मात्र मी सहमत नाही. नव्या भाषेची सवय होईपर्यंत गप्प असलेली मुले बोलू लागतात, ती तुम्ही पाहिली असणार. भीतीने गप्प झालेले मूल जितकी वर्षे गप्प राहते तितकी ती गप्प राहण्याची रीत घट्ट होते, कारण न बोलता निभते हे त्याच्या अनुभवाला येते आणि वर्गही त्याला "न बोलणारी" म्हणून ओळखू लागतो. वाट पाहणे तिथे महाग पडते.

आणि खोली, तास, तज्ज्ञ नसले तरी पुष्कळ करता येते. मलप्रभाकाठ ताई, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आईला आणि मुलीला बसू द्या. दोघींनी घरच्या मराठीत एखादा खेळ खेळावा, सागरगोटे किंवा सापशिडी चालेल. त्या वेळी तुम्ही वर्गात नसावे. ती तिथे आवाज काढून बोलू लागली की तुम्ही दाराबाहेरून जा-ये करा. मग दाराशी वह्या तपासत बसा. मग आत, पण पाठमोऱ्या. मग खेळाच्या जवळ, आणि शेवटी खेळात. तुम्ही खेळात रुळल्यावर आई हळूहळू दूर सरकेल. त्यानंतर एक मैत्रीण आणायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे माणूस बदलला तर जागा आणि भाषा तीच ठेवायची. कानडी आणि इंग्रजीची पाळी सर्वांत शेवटी. हे वर्तनोपचारातील तंत्र आहे, पण आधीच्या चित्रांमुळे आणि मातीमुळे तिचा तुमच्यावर विश्वास बसलेला असेल तरच ते चालते.

प्रश्न विचारताना मान हलवून भागेल असे विचारू नका. "लाल पाहिजे की निळा?" असे विचारा आणि निदान पाच सेकंद गप्प राहा. ती पाच सेकंदे फार लांब वाटतात आणि बहुतेक मोठी माणसे तेवढ्यात स्वतःच उत्तर देऊन टाकतात. ती बोलली तर टाळ्या नकोत, सगळ्या वर्गाला सांगणे नको. "निळा पाहिजे होय, हा घे," एवढे पुरे.

मधल्या काळात कथनाधारित पद्धतीचा एक भाग करता येईल. ऑस्ट्रेलियाचे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी मूल आणि त्याची अडचण वेगवेगळी करण्याची रीत घालून दिली. मुलगी म्हणजे अडचण नाही, अडचण बाहेरून येऊन तिला त्रास देते. ती अडचण कशी दिसते ते तिला काढू द्या आणि तिला नाव देऊ द्या. आमच्याकडे एका मुलीने तिचे नाव "बुजगावणं" ठेवले होते. मग "बुजगावणं आज कुठे उभं होतं? ते कधी झोपतं? आजीला बघून ते पळतं का?" अशी चर्चा, आधी चित्रांतून आणि चिठ्ठ्यांतून, होऊ शकली. सात-आठ वर्षांच्या मुलाला स्वतःचे विचार तपासायला सांगणे जड जाते, पण बुजगावण्याच्या थापा पकडायला ते आनंदाने तयार होते. चौथा टप्पा या वयात असाच करावा, असे माझे ठाम मत आहे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितलेली चाचणी मी आज मनातल्या मनात केली. तिची जवळची मैत्रीण शेजारच्याच वाडीतील आणि मराठी बोलणारी आहे. गावात त्या दोघी एकत्र खेळताना बोलतात, शाळेत नाही. म्हणून वडिलांना घेऊन आधी तुमच्यासारख्या एखाद्या डॉक्टरांकडे श्रवण आणि वाचा तपासण्यासाठी जाण्याचे ठरवत आहे, आणि भीतीची गोष्ट त्यांच्याच तोंडून वडिलांना ऐकवण्याची विनंती करणार आहे.

मुख्याध्यापकांशीही बोलणे झाले. निदान या मुलीपुरते सर्व शिक्षकांनी एकच धोरण ठेवायचे: तोंडी उत्तराची सक्ती नाही, तोंडी परीक्षेचे गुण सध्या हावभाव आणि लेखनावरून द्यायचे, आणि चॉकलेट बंद. उभे करणाऱ्या सरांनी ऐकून घेतले आणि स्वतःहून विचारले की मग मी काय करू. मी त्यांना सांगितले की रोज सकाळी तिच्याकडे पाहून नुसते हसा आणि पुढे जा.

आईला मात्र रोज शाळा सुटल्यावर थांबणे अवघड आहे. भातलावणीचे दिवस आहेत आणि ती रोजंदारीवर जाते. आजी येऊ शकते. आईऐवजी आजी चालेल का? आणखी एक प्रश्न: चित्रांतून किंवा खेळातून मुलाने घरातील मारहाणीचे किंवा त्याहून गंभीर असे काही दाखवले तर मी ते कितपत गुप्त ठेवावे?

कृष्णाकाठ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण त्यात संदिग्धता नको. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी साधार शंका आली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, शिक्षक आणि समुपदेशकही त्यातून सुटत नाहीत. मारहाण किंवा हेळसांड असेल तर 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर कळवता येते. म्हणून मुलाला "मी हे कोणालाच सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नका. "तुला कोणी दुखवत असेल तर ते थांबवायला मला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागेल," असे पहिल्याच भेटीत त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. मूल काही सांगू लागले तर त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि खोदून खोदून पुन्हा पुन्हा विचारू नका.

मार्कंडेयतीर

आजी नक्की चालेल. जिच्याशी मुलगी सर्वांत मोकळेपणाने बोलते तीच व्यक्ती हवी असते, ती आईच असली पाहिजे असे नाही. फक्त आजीला दोन गोष्टी आधी समजावून सांगा: "बोल की बाईंशी" असा आग्रह धरायचा नाही, आणि नातीच्या वतीने उत्तर द्यायचे नाही. आजीला कोणता खेळ येतो ते तिलाच विचारा आणि तोच ठेवा. पावसामुळे शाळा सुटल्यावर थांबणे जमत नसेल तर सकाळी प्रार्थनेआधीची वेळ पाहा, वर्ग तेव्हाही रिकामा असतो. पहिल्या आठवड्यात तुम्ही वर्गाकडे फिरकूही नका, आणि दोघींचा आवाज बाहेर ऐकू येऊ लागला की येथे कळवा, म्हणजे दाराशी कधी बसायचे ते आपण ठरवू.